जाळ्याचं पुस्तक

कोकणात राहून लोकरीच्या विणकामाची पुस्तकं जमवणं हा तसा चक्रमपणाच. आमच्याकडे थंडी म्हणजे पौषातल्या काही पहाटा. ऊन माडांच्या शेंड्यांवरून अंगणात उतरलं की शाल खुर्चीच्या पाठीवर जाते आणि तिथेच राहते. मेंढरंसुद्धा इथली नव्हेत. भातं कापून झाली की घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरतात, खतासाठी शेतांत मेंढरं बसवतात आणि पावसाआधी पुन्हा घाट चढतात. लोकर त्यांच्याबरोबर येते, त्यांच्याबरोबर जाते. तरीही माझ्या कपाटात विणकाम, क्रोशा, सूतकताई आणि गाठी यांची पुस्तकं दाटीवाटीने बसली आहेत, आणि पावसाळाभर त्यांना बुरशी आणि कसरीपासून वाचवणं हे घरातलं एक कायमचं काम होऊन बसलं आहे. डांबरगोळ्या, कडुलिंबाचा पाला, आणि उघडीप मिळाली की ओटीवर सगळा पसारा. शेजारीण जाता जाता विचारते, "विकूक काढलंस काय गो?"

या पुस्तकांत रमताना एक प्रश्न डोक्यात ठाण मांडून बसला आहे. हाताच्या कुठल्या कामाचं पुस्तक होतं आणि कुठल्या कामाचं होत नाही? घरामागच्या पाणंदीतून खाली गेलं की वाळूत रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, जाळी पसरलेली दिसतात. माणसाच्या फार जुन्या सूतकामांपैकी ते एक, पण त्याचं पुस्तक मराठीत माझ्या पाहण्यात आलेलं नाही. बाळाच्या लोकरी मोज्यांची पुस्तकं मात्र हवी तितकी मिळतात, आणि इथल्या बाळाला ते मोजे बारशाच्या फोटोपुरतेच लागतात.

मी याचं उत्तर शोधायला गेले ते थेट एडिंबरात पोचले. तिथे जेन गॉगेन नावाच्या बाईंचं लोकर-दोऱ्याचं दुकान होतं. विणकामाची छापील पुस्तकं नुकती कुठे निघू लागली होती, तेव्हा म्हणजे १८४० मध्ये, या बाईंनी एक पुस्तक काढलं. त्याच्या लांबलचक नावातच तीन कामं एका ओळीत येतात: विणकाम, जाळीकाम आणि क्रोशा. मधल्यावर मी अडखळले. जाळीकाम म्हणजे शब्दशः जाळं विणणं. दिवाणखान्यात बसणाऱ्या बायका तेव्हा रेशमाच्या धाग्याने पैशांचे बटवे जाळ्यासारखे विणत असत. सुई तशीच, दोन्ही टोकांशी खाच असलेली आणि दोरा पोटाशी गुंडाळून घेणारी, फक्त आकाराने लहान. प्रत्येक घर सारखं यावं म्हणून मध्ये धरायची पट्टी किंवा सळईसुद्धा तशीच. गाठही तीच.

ती गाठ सांगायला सोपी आहे. आधीच्या ओळीच्या फाशातून दोरा वर काढायचा, फाशाच्या दोन्ही पायांमागून फिरवायचा, स्वतःच्याच खालून घालून ओढायचा. ओढ जितकी जास्त तितकी गाठ पक्की. हातमागावर ताण्याचा धागा तुटला की विणकर जी बारीक गाठ मारतो तीही रचनेने हीच, आणि जाड-बारीक असे दोन दोर जोडायला खलाशी हीच गाठ वापरतात. क्लिफर्ड ॲशली या अमेरिकन चित्रकाराने १९४४ मध्ये गाठींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात ३,८०० हून अधिक क्रमांक आहेत. खलाशी, कोळी, विणकर, खाटीक, सगळ्यांच्या गाठी त्याने एका छपराखाली आणल्या आणि प्रत्येकीचं चित्र स्वतः काढलं. माझ्या कपाटातलं सगळ्यात जड पुस्तक तेच, आणि खरं सांगायचं तर किनाऱ्यावरच्या माणसांना दाखवावंसं वाटलेलं एकमेव.

दाखवलंही. रापणीच्या संघातले एक वयस्क काका सावलीत बसून जाळं सांधत होते. त्यांनी चित्र उलटसुलट धरून पाहिलं, ओळखलं, आणि पुस्तक मला परत दिलं. "चित्र बरां आसा. पण ह्या बघून कोण शिकाचो नाय गो बाय. हाताक सवय होवक व्हयी."

त्यांचं खरं आहे, पण गॉगेनबाईंचंही खोटं नव्हतं. त्यांच्या गिऱ्हाइकांना शेजारी बसून शिकवणारं कुणी नव्हतं. शहरात लग्न करून आलेली, फावला वेळ असलेली, हाताशी चार पैसे असलेली बाई दुकानात येई, लोकर घेई आणि पुढे काय करायचं ते विचारी. तोंडाने सांगितलेलं घरी जाईपर्यंत विसरायला होतं, म्हणून कागद आला. कागदावर जागा कमी, म्हणून टाक्यांना अक्षरांच्या खुणा आल्या. पुस्तक विकलं की लोकर विकली जाई. पुढे लोकरीच्या गिरण्यांनी नमुन्यांच्या पत्रिका काढल्या त्याही याच हिशेबाने, आणि आजही विणकामाच्या बहुतेक पुस्तकांत "या या कंपनीचे इतके गुंडे" अशी ओळ सापडतेच. इथल्या गाबितांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, पोराला मात्र पुस्तक कशाला? बाप, चुलता, मामा असे तीन-तीन मास्तर रोज वाळूत बसलेले, आणि पावसात मासेमारी बंद झाली की सगळा किनाराच जाळी सांधायला मोकळा. जिथे शिकवणारं माणूस कमी पडलं तिथे पुस्तक आलं, असं मला आता वाटतं.

दिवाणखान्यातल्या पुस्तकांनी एक घोटाळा मात्र करून ठेवला. विणकाम म्हणजे बायकांचं, थंड देशातलं, लोकरीचं काम, असा समज त्यांनी पसरवला. तो पुसायला एक बिशप यावा लागला. रिचर्ड रट हे इंग्लंडातल्या लेस्टरचे बिशप, स्वतः विणायचे. १९८७ मध्ये त्यांनी हातविणकामाचा इतिहास लिहिला. धर्मगुरूची भाषा म्हणून बिचकत उघडला, तर गृहस्थ भलतेच खवचट निघाले. पुराव्याशिवाय चालत आलेली प्रत्येक गोड गोष्ट ते सोलून काढतात. सुयांवरचं खरंखुरं विणकाम म्हणून ओळखले गेलेले सगळ्यात जुने नमुने इजिप्तमधले आहेत, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांमधले. मोजे आणि मोज्यांचे तुकडे, बरेचसे निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. आणि ते सुती आहेत! उकाड्याच्या देशात, कापसाच्या सुतावर, इतक्या बारीक टाक्यांत की आजच्या तयार मोज्यांनी मान खाली घालावी. त्या काळात आमच्या चौल-दाभोळच्या किनाऱ्यावरून तांबड्या समुद्राकडे गलबतं जात होती. यावरून कोकणात कुणी मोजे विणत होतं असं अजिबात सिद्ध होत नाही, रटसाहेबांनी तर मला उभंच केलं नसतं. पण दमट हवेत घामेजल्या हातांनी विणत बसण्याच्या माझ्या चक्रमपणाला जुनं घराणं मिळालं, एवढं समाधान.

घामेजल्या हातांना लोकर चिकटते, सुई सरकत नाही, टाका घट्ट येतो. हे एकाही पुस्तकात नाही. म्हणून आमच्याकडच्या बायका क्रोशाकडे आणि सुती दोऱ्याकडे वळल्या असाव्यात. माझ्या काकीची एक वही होती. जुनी शाळकरी वही, पुठ्ठ्याला खाकी कागद. आत "३ साखळ्या, १ मुका खांब, पुढच्या घरात ५ खांब" अशा ओळी, मासिकांतून कापलेली चित्रं, आणि काही पानांवर चक्क विणलेले तुकडे टाके घालून शिवलेले. तोरणाची किनार, समईखालचा रुमाल, बाळंतविड्यातलं टोपडं. त्या वहीत मापं अशी नाहीतच. टोपड्यासाठी एवढंच लिहिलंय, की बाळाचं डोकं पाहून.

एलिझाबेथ झिमरमन यांचं पुस्तक हातात पडलं तेव्हा मला काकीच आठवली. जन्माने इंग्लिश, संसार अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये. त्यांचं १९७१ चं पुस्तक म्हणजे छापील नमुन्यांविरुद्धचं बंडच आहे. अमक्या ओळीला तमके टाके असं मुकाट्याने पाळू नका, स्वतःच्या हाताचं माप काढा आणि हिशेब करा, हे त्यांचं सांगणं. छातीच्या घेराचे टाके शंभर टक्के धरायचे; मग मनगट वीस टक्के, बाहीचा वरचा भाग तेहतीस-पस्तीस, गळा चाळीस. एवढ्यावर कुणाही माणसाचा स्वेटर उभा राहतो. काकीने हे आकडे कधी ऐकले नव्हते, पण ती डोळ्याने करत होती ते हेच. फरक असा की झिमरमनबाईंचं पुस्तक अजून छापलं जातं, आणि काकीच्या वहीची निम्मी पानं वाळवीने नेली.

विणकामाचं कुठलंही बरं पुस्तक सुरुवातीला नमुन्याच्या चौकोनावर अडून बसतं. दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके, किती ओळी, हे आधी मोजा. हात सैल की घट्ट यावर सगळं अवलंबून. नवशिक्यांना याचा कंटाळा येतो, मलाही येतो. जाळ्यात त्याच जागी आस, म्हणजे एकेका घराचं माप, असते. पट्टीची रुंदी बदलली की आस बदलली, आणि आस बदलली की समुद्रातून काय वर येणार ते बदललं. स्वेटरचा टाका चुकला तर फार तर बाही आखूड होते. आस बारीक केली तर पुढच्या वर्षीची पिल्लं आजच किनाऱ्यावर येऊन पडतात, आणि मग गावागावांत भांडणं लागतात. एवढं वजन असलेल्या मापाला पुस्तक नाही, याची मला जरा चीडच येते.

सूतकताईच्या पुस्तकांची जातकुळी वेगळी. ती घेऊन कुणी आरामखुर्चीत बसेल अशी लिहिणाऱ्यांची अपेक्षाच नव्हती. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ निघाला आणि पुढच्याच वर्षी संघाने पुणतांबेकर आणि वरदाचारी यांचा हातकताई-हातविणीवरचा इंग्रजी निबंध पुस्तकरूपाने काढला. त्यात टाक्यांचे नमुने नाहीत. शेतकरी वर्षातले किती महिने रिकामा असतो, कातणारीच्या हातात काय पडतं, गिरणीपुढे चरखा टिकेल का, असे प्रश्न आहेत. मजुरीबद्दल बोलणारी सूतकामाची पुस्तकं मला याच परंपरेत भेटली. विनोबांनी तर वर्ध्याजवळ नालवाडीत कातणाऱ्याच्या मजुरीवर स्वतः जगून पाहिलं. विनोबा आमचेच, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, हे आपण विसरतो.

या परंपरेतला मोजमापाचा भाग मला फार आवडतो. चार फुटांचा एक तार. एकशे साठ तारांची एक लटी. चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. गुणाकार करून पाहिला तर गुंडी भरते ८५३ वार. लँकेशायरच्या आणि मुंबईच्या गिरण्यांत सुताचा नंबर ठरायचा तो ८४० वारांच्या लडीवर: एका पौंडात जितक्या लड्या तितका नंबर. गिरणीला आव्हान द्यायला निघालेल्या चरख्याचं माप गिरणीच्या इतकं जवळ आहे, याची मला मौज वाटते.

कोकणात कापूस पिकत नाही. खादीवाल्यांना पेळूसाठी कापूस घाटावरून आणावा लागे. तरी मुंबईच्या कापडगिरण्यांना माणसं पुरवली ती प्रामुख्याने रत्नागिरीने, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासकट. माझे एक चुलते स्पिनिंग खात्यात होते. चिमटीत सूत धरून ते चाळीस नंबर की साठ, ते सांगत. पीळ कमी पडलाय, हेही सांगत. हे ते शिकले बदली कामगार म्हणून लागले तेव्हा, गावच्याच एका माणसाच्या बाजूला उभं राहून. गिरणीत पुस्तकं होती, पण ती मास्तरांच्या केबिनमध्ये, इंग्रजीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो संपला असं कुणी धड म्हणालंच नाही, आणि चुलते गावी परतले. इथे त्यांच्या चिमटीला काम नव्हतं. सूत कुठे होतं? होता तो काथ्या.

काथ्याचं थोडक्यात सांगते, कारण ते काम मी लांबूनच पाहिलं आहे. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने कुजवायची, मग बडवायची, आणि मोकळ्या झालेल्या केसराला पीळ द्यायचा. एकेरी धाग्याला एका दिशेने पीळ, दोन धागे एकत्र वळताना उलट दिशेने; दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात आणि दोर उलगडत नाही. हातकताईची परदेशी पुस्तकं या उलट पिळावर प्रकरणंच्या प्रकरणं खर्च करतात, आकृत्या देतात. काथ्या वळणाऱ्या बाईला विचारा, ती म्हणेल, "असोच वळतत."

एलिझाबेथ वेलँड बार्बर यांनी १९९४ च्या त्यांच्या पुस्तकात वीस हजार वर्षांचं बायकांचं सूतकाम मांडलं. मूल सांभाळता सांभाळता करता येतं, मध्येच सोडून उठता येतं, त्यात मुलाला धोका नाही, म्हणून सूत आणि कापड बायकांकडे आलं, असा त्यांच्या मांडणीचा आधार आहे. वाचताना पटतं. मग मी खिडकीतून बाहेर बघते, तर जाळ्यावर बसलेले सगळे पुरुष, आणि बायका टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या. मध्येच सोडून उठता येणारं काम हेही आहे की!

क्रोशाचं एक पुस्तक मात्र या सगळ्यांहून वेगळं आहे आणि ते मी कुणाच्याही हातात आपणहून देते. डायना तायमिना कॉर्नेल विद्यापीठात गणित शिकवायच्या. भूमितीत एक पृष्ठभाग आहे, ज्यावर एका बिंदूतून दिलेल्या रेषेला अनेक समांतर रेषा काढता येतात. त्याचे कागदाचे नमुने जोडून बनवत, ते वापरता वापरता फाटत. १९९७ मध्ये तायमिनांनी ते क्रोशावर विणले. कृती अगदी साधी: दर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, प्रत्येक ओळीत, न चुकता. सुरुवातीला काही घडत नाही. मग कडेला झालर येते, झालरीला झालर येते, ओळ संपता संपत नाही आणि दोऱ्याचे गुंडे भराभर फस्त होतात. त्यावरचं त्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. त्याला विचित्र नावाच्या पुस्तकांसाठीचं ब्रिटनमधलं बक्षीसही मिळालं आणि गणिताच्या पुस्तकांसाठीचं ऑयलर पारितोषिकही. दोन्ही बक्षिसं एकाच पुस्तकाला मिळणं मला फारच रास्त वाटतं.

तशी झालर मी विणली, पांढऱ्या सुती दोऱ्यात. काकी तेव्हा होती, म्हणाली, "रुमाल बिघडवलंस." पण मालवणचा एक मुलगा, पर्यटकांना पाण्याखाली नेणारा, घरी आला होता, त्याने तो तुकडा उचलला आणि एकदम म्हणाला, "ह्या पोवळा!" ऑस्ट्रेलियातून आलेल्या मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनाही हेच दिसलं होतं, २००५ पासून त्यांनी क्रोशाची अख्खी प्रवाळबेटं विणून घेतली, जगभरातल्या हजारो हातांनी. प्रवाळाला, समुद्री गोगलगायींना ही झालर फावते, कारण थोड्या जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळतो. आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खरी पोवळी आहेत. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. तो मुलगा सांगत होता, की खाली पोवळ्यांत अडकलेली नायलॉनची जाळी असतात. तुटलेली, टाकलेली, मासे धरत राहणारी, फांद्या मोडणारी. सुताचं आणि सणाच्या वाखाचं जाळं कुजून जाई. नायलॉन कुजत नाही, हाच त्याचा गुण म्हणून तर ते घेतलं.

आता जाळी यंत्रावर विणलेली, गठ्ठ्याने विकत येतात. किनाऱ्यावर उरलंय ते बांधणं आणि सांधणं: तयार जाळं दोराला किती सैल ठेवून लावायचं, खाली वजन किती, वर तरंगण्याला काय, फाटलं तर कुठून कापायला सुरुवात करायची म्हणजे घरं पुन्हा जुळतात. हे शिकायला पोरं बसत नाहीत. ती गोव्यात हॉटेलांत आहेत, मुंबईत आहेत, पर्यटकांना पाण्याखाली नेताहेत. म्हणजे एडिंबरातल्या त्या दुकानात जी स्थिती होती ती आता इथे आली आहे. गाठ आहे, शिकवणारं माणूसही अजून आहे, पण शेजारी बसणारं कुणी नाही.

म्हणून मी वही घेऊन त्या काकांकडे जाऊन बसते. ते सांधतात, मी लिहिते, मध्येमध्ये चित्र काढते. माझी चित्रं ॲशलीच्या पासंगालाही पुरत नाहीत. फाटलेल्या भोकाच्या कडेची अर्धी घरं कापून टाकतात तेव्हा वरच्या आणि खालच्या टोकाला तीन पायांचं एकेक घर ठेवतात. तिथून सुरू करायचं, तिथेच संपवायचं, नाहीतर शेवटी एक घर उपरं राहतं. हे मला तीनदा सांगून झाल्यावर त्यांनी वहीत डोकावून विचारलं, आणखी काय काय लिहिणार आहेस? मी यादी वाचून दाखवली: गाठ, पट्टी, आस, दोर, वजनं, सांधणं.

"आणि नायलॉनचो भाव? तो खय आसा? लिवतंस तर तो पयलो लिव. मग गाठ."

सध्या पहिल्या पानावर भावच आहे. दर हंगामाला खोडून नवा लिहावा लागणार, म्हणून तेवढा पेन्सिलीने लिहिला आहे.